सोलापुरी चादरीवरची नक्षी कुणाची? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : एआय आणि विणकामाच्या डिझाइनरचा मोबदला

स. न. वि. वि.

मी सोलापूरच्या पूर्व भागात जेकार्ड डिझाइनचं काम करतो. जेकार्ड म्हणजे मागावर नक्षी विणण्यासाठी धागे उचलणारी यंत्रणा. चादरी, टॉवेल, वॉलहँगिंग यांवरची नक्षी आमच्यासारखी माणसं काढतात. संस्कृती आणि माहिती तंत्रज्ञान ही दोन्ही खाती आपल्याकडे आहेत, म्हणून पत्र आपल्यालाच लिहितो आहे.

आमच्या कामाची रीत आता बदलली आहे. पूर्वी कारखानदार सांगायचा, ‘मोर पाहिजे, पण मागच्यासारखा नको.’ मग आम्ही कच्ची चित्रं काढायचो, त्यांतलं एक ठरायचं. आता मोबाइलवर एआयकडून काढून घेतलेलं चित्र येतं आणि वर निरोप, ‘फक्त एवढं मागावर बसवून द्या.’ पैसे बसवण्याचे मिळतात, कल्पनेचे नाहीत. बसवणं तरी सोपं कुठे आहे? जेकार्डला फक्त एवढंच कळतं, की उभा धागा उचलायचा की खाली ठेवायचा. एआयच्या चित्रात रंगाच्या असंख्य छटा असतात, चादरीत मोजके रंगीत धागे. एखादा धागा वीण न बांधता लांब सुटला, तर वापरताना कशात तरी अडकून ओढला जातो. पिसाऱ्याचा डौल न मोडता तो कुठे बांधायचा, हे डिझाइनरलाच ठरवावं लागतं. या कामाला ‘फक्त’ म्हटलेलं मला फार लागतं.

ग्राफ पेपर जाऊन संगणक आला, तो आम्ही शिकलो. एआयही शिकू. पण एआयला ‘सोलापुरी चादर’ काढायला सांगितलं की तिच्यासारखं चित्र येतं, ते इंटरनेटवरच्या फोटोंवर शिकून. त्या फोटोंतली नक्षी दाजी पेठेत, भद्रावती पेठेत कुणीतरी डोळे फोडून काढलेली असते. त्या माणसाचा हिस्सा कुठे आहे?

केंद्राच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने डिसेंबर 2025 मध्ये एक कार्यपत्रिका (वर्किंग पेपर) काढली. एआय कंपन्यांना कॉपीराइट असलेलं साहित्य सक्तीच्या परवान्याखाली वापरू द्यावं आणि निर्मात्यांना रॉयल्टी द्यावी, असा प्रस्ताव त्यात आहे. निर्मात्याला नकाराचा हक्क नसावा, हे मला मुळातच पटत नाही. पण आमची अडचण त्याच्याही आधीची आहे. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 15 प्रमाणे, नोंदणीला पात्र असूनही न नोंदवलेलं डिझाइन कारखान्यात 50 पेक्षा जास्त वेळा उतरलं की त्यावरचा कॉपीराइट संपतो. चादरीचं कुठलं डिझाइन 50 नगांवर थांबतं? म्हणजे रॉयल्टीचं वाटप सुरू झालं, तरी सोलापूरच्या डिझाइनरचा त्यात हक्कच उरत नाही.

भौगोलिक मानांकन आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, चादरीलाही आणि टेरी टॉवेललाही. पण त्याने नावाचं रक्षण होतं, मोराचं किंवा वेलबुट्टीचं नाही. डिझाइन कायदा 2000 खाली नोंदणी केली तर 10 वर्षं आणि मुदतवाढीने आणखी 5 वर्षं संरक्षण मिळतं. मात्र डिझाइन बाजारात येण्याआधी नोंदवावं लागतं आणि मोबदला देऊन ते करून घेणारा कारखानदारच कायद्याने मालक ठरतो. कागदावर डिझाइनर कुठेच येत नाही. लेखी करार करण्याची इथे पद्धत नाही. काम फोनवर ठरतं आणि हिशेब वहीत राहतो.

म्हणून मागणी आहे की सोलापुरात डिझाइन नोंदणीचं मदत केंद्र उघडावं आणि लहान यंत्रमाग व हातमागधारकांची फी शासनाने भरावी. ही मदत घेणाऱ्या कारखानदाराने डिझाइनरशी लेखी करार केलेला असावा. त्यात डिझाइनरचं नाव आणि एआय कंपन्यांकडून पुढे काही मिळालं तर त्यातला त्याचा वाटा नमूद असावा. राज्याच्या वस्त्रोद्योग धोरणाची मुदत 2028 पर्यंत आहे. वस्त्रोद्योग मंत्र्यांशी बोलून ही अट त्यातच घालता येईल.

दुसरं काम दिल्लीतलं आहे. कॉपीराइट आणि डिझाइन हे दोन्ही विषय केंद्राच्या त्याच विभागाकडे आहेत. रॉयल्टीच्या योजनेत विणलेल्या, छापलेल्या नक्षीचे निर्माते धरावेत आणि त्यांना 50 नगांची अट लागू नसावी, असं राज्य सरकारने त्या विभागाला लेखी कळवावं. त्या पत्राची प्रत सोलापूरच्या यंत्रमाग आणि हातमाग संघटनांनाही पाठवावी.

आपला,
एक जेकार्ड डिझाइनर
पूर्व भाग, सोलापूर