सूचना : सायकलची 'लाइफटाइम फ्री सर्व्हिसिंग' घेण्याआधी

सर्व सदस्यांना नमस्कार.

पोळ्यानंतर बरेच जण नवीन गिअर सायकल घेणार आहेत. वर्धा, यवतमाळकडची काही दुकानं 'लाइफटाइम फ्री सर्व्हिसिंग' देतात. घ्या जरूर, पण लाइफटाइम कोणाची, सायकलची, दुकानाची की तुमची, हे आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. माझ्या जुन्या सायकलीची फ्री सर्व्हिस दुकानाचा मालक बदलला त्याच दिवशी संपली. तोंडी शब्द होता जी, कागद नव्हता.

फ्री असते ती बहुधा मजुरी. ब्रेक-गिअर ॲडजस्ट करणं, चेनला तेल, हवा. ब्रेक पॅड, केबल, ट्यूबचे पैसे लागतातच. रिंगचा आउट काढणं (डगमगणारं चाक सरळ करणं) आणि छर्रे काढून ग्रीस भरणं, म्हणजे आपलं ओव्हरऑइलिंग, त्यात येते का हे वेगळं विचारा.

नवीन केबल सुरुवातीला थोडी सैल होते, म्हणून पहिल्या महिन्यात एक चक्कर माराच. तीच सर्व्हिस खरी कामाची.

आपल्या पांदण रस्त्याची काळी माती चेनमध्ये बसली तर मात्र दुकानाची वाट पाहू नका, घरीच पुसून तेल द्या. नवीन चेनच्या एका पिनेपासून तिच्या पुढच्या 24व्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर 12 इंच भरतं. 12 इंचांवर अर्धं सूत (1/16 इंच) जास्त भरलं तर चेन बदला, नाहीतर दातेरी चाकंही जातात.

गावातल्या पंक्चरवाल्या भाऊंना विसरू नका. बाभळीचा काटा काढायला चाळीस किलोमीटर कोण जाणार?

बिलाचा फोटो ग्रुपवर टाका.