भरपाईचा गुण

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरला की शालेय कबड्डी स्पर्धा सुरू होतात आणि पंचांच्या निर्णयांवरचे वादही. या वादांत पंचाने कोणाची बाजू घेतली, एवढ्याच अंगाने बोलले जाते. गुहागर तालुक्यात क्रीडाशिक्षक म्हणून बरीच वर्षे पंचगिरी केल्यावर मला मात्र असे वाटते की, पक्षपाताहून स्वतःची चूक गुपचूप भरून काढण्याचा मोह पंचाकडून अधिक अन्याय करवतो. हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे.

14 वर्षांखालील मुलांच्या एका सामन्यात चढाईपटूची पकड मध्यरेषेजवळ झाली. त्या क्षणी मी रेषेच्या टोकाशी असायला हवा होतो, पण गुणलेखकाला काही सांगण्यासाठी दोन पावले मागे सरलो होतो. त्यामुळे मुलांच्या पाठींपलीकडे मला काही दिसले नाही, तरी मी हात वर करून त्याला बाद दिले. थोड्या वेळाने बाहेर बसलेल्या त्या मुलाकडे माझे लक्ष गेले. त्याचा तळहात लाल मातीने माखला होता आणि मनगटावर फक्कीचा पांढरा पट्टा उमटला होता, म्हणजे तळहात रेषेपलीकडे टेकला होता आणि तो बाद नव्हता. (मुलगा एक शब्दही बोलला नव्हता, हे अधिक लागले.)

पुढच्याच चढाईत त्याच्या संघातील खेळाडूने बोनस रेषेपलीकडे पाय टाकला. मैदानात सहा बचावपटू होते, म्हणजे बोनस मिळू शकत होता. परंतु त्याचा मागचा पाय जमिनीवरून उचललेला नव्हता, हे मला स्वच्छ दिसले असूनही मी गुण दिला. दुसरा संघ एका गुणाने हरला. सामन्यानंतर त्यांच्या कर्णधाराने विचारले, "सर, पाय खालीच होता ना?" मी त्याला पाणी पिऊन ये म्हणालो.

पहिली चूक न दिसल्यामुळे झाली होती, दुसरी दिसत असताना केली. पहिलीही टाळता आली असती, कारण समोरच्या बाजूरेषेवर दुसरा पंच उभा होता आणि दोघांचे मत जुळले नाही तर निर्णय द्यायला सरपंच, म्हणजे सामन्याचे मुख्य पंच, होते. विचारण्यात कमीपणा वाटला, एवढेच. 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत कॅमेऱ्याची मदत घेता येते. तालुक्याच्या मैदानावर फार तर एखाद्या पालकाचा मोबाइल असतो आणि तोही आपल्याच मुलावर रोखलेला.

म्हणून स्पर्धेच्या आयोजकांना विनंती आहे की, सकाळी उपलब्ध असेल त्या शिक्षकाच्या हाती शिट्टी देण्याऐवजी आदल्या दिवशी पंचांची तासभर बैठक घ्यावी आणि तीत नियमांच्या उजळणीबरोबरच चढाईच्या वेळी उभे कुठे राहायचे व सहकाऱ्याला कधी विचारायचे, यावर बोलावे. आमच्या शाळेत सराव सामन्यांना नववीची मुले पंच असतात. परवा एका मुलीने शिट्टी वाजवून खेळ थांबवला, "मला दिसलं नाही" असे सर्वांदेखत सांगितले आणि समोरच्या पंचाला विचारून चढाईपटूला बाद दिले. चढाईपटू तिच्याच वर्गातला होता. मुकाट्याने बाहेर जाऊन बसला.

आपला,
एक क्रीडाशिक्षक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी