वायफाय दिसत नाही म्हणून परत फॉरमॅट मारू नकोस

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज सकाळी बघितला, रात्री दीडला टाकलेला, म्हणजे काय अवस्था असणार ते कळलंच. लिनक्स टाकलं, डेस्कटॉप झकास आला, आवाज येतोय, टचपॅड चालतंय आणि वायफायचा मात्र पत्ताच नाही. आणि आता म्हणे तू तिसऱ्यांदा इन्स्टॉल करणार. नको रे बाबा! त्याच पेनड्राइव्हवरून परत टाकलंस तर तेच परत होणार.

मी पण यात दोन रात्री घालवल्यात. मला वाटलं ड्रायव्हर नाहीये, म्हणून कुठून कुठून सोर्स आणून कंपाइल करत बसलो आणि शेवटी कळलं की ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, पहिल्यापासून होताच, नव्हतं ते फर्मवेअर. हे दोन वेगळे असतात हेच मला माहीत नव्हतं. ड्रायव्हर कर्नलचा भाग, तो कार्डाशी बोलतो. पण कार्डाच्या आत स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो, आणि त्यावर चालणारा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर, तो बहुतेक कार्डांत कायमचा बसवलेला नसतो, दर वेळी मशीन चालू झालं की ड्रायव्हर तो एका फाइलमधून उचलून कार्डात भरतो. ती फाइल डिस्कवर नसली की ड्रायव्हर असून नसल्यासारखा. आता या फाइली बहुतेक वेळा बंद लायसन्सच्या, म्हणून काही डिस्ट्रो (लिनक्सचे वेगवेगळे प्रकार) त्या इन्स्टॉलरमध्ये घालतच नव्हत्या. डेबियन नावाच्या डिस्ट्रोवाल्यांनी तर यावर २०२२ मध्ये चक्क मतदान घेतलं, आणि जून २०२३ मध्ये १२ व्हर्जन आली तेव्हापासून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. तू ड्रॉवरमधला जुना पेनड्राइव्ह वापरला असशील तर माझा पहिला संशय तिथेच.

आता कर काय, आधी फोन केबलने लाव आणि यूएसबी टेदरिंग चालू कर, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला मिळेल. नव्वद टक्के रडारड इथेच थांबते (टक्के माझ्या मनातले हं), कारण त्याला लागणारा ड्रायव्हर साधारणपणे कर्नलमध्येच असतो. नेट मिळालं की डोकं पण शांत होतं.

मग टर्मिनल उघडून एलएसपीसीआय, स्पेस, डॅश एनएनके मार, इंग्रजीत अर्थात (lspci -nnk), मशीनमधल्या कार्डांची यादी येते. कार्ड यूएसबीचं असेल तर एलएसयूएसबी (lsusb), पण त्या यादीत पुढची ओळ नसते. नेटवर्कवाली नोंद शोध आणि तिच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का बघ. असेल तर ड्रायव्हर कार्डाला चिकटलाय, मग सुडो लावून डीमेसेज (sudo dmesg), म्हणजे कर्नलने छापलेल्या नोंदी, बघ, त्यात फर्मवेअर शब्द शोध. फाइल लोड करता आली नाही आणि एरर उणे २ असं दिसलं तर त्याचा अर्थ फक्त फाइल सापडली नाही, एवढाच, आणि फाइलचं नाव तिथेच छापलेलं असतं, ती फाइल ज्या पॅकेजमध्ये आहे ते टाक आणि रीबूट मार. मी ती ओळ पहिल्याच रात्री बघितली होती आणि लाल दिसली म्हणून घाबरून वाचलीच नाही!

'इन यूज' नसेलच तर त्याच नोंदीत चौकोनी कंसात (यूएसबीच्या यादीत आयडीच्या पुढे) कोलनच्या दोन्ही बाजूंना चार-चार अक्षरांचा आकडा असतो, तो कार्डाचा ओळख क्रमांक, शोधायचं ते त्यावरून. लॅपटॉपच्या मॉडेलवरून शोधू नकोस, एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी कार्डं टाकलेली असतात. आणि बाहेरून ड्रायव्हर आणून टाकावा लागलाच तर सिक्युअर बूट लक्षात ठेव. ते चालू असेल तर डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल (म्हणजे असा ड्रायव्हर) कर्नल घेतच नाही, म्हणून टाकताना इन्स्टॉलर पासवर्ड मागतो आणि पुढच्या बूटला त्या सहीला मंजुरी द्यायची निळी स्क्रीन येते, तिथे दहा सेकंदांत कुठलं तरी बटण दाबलं नाहीस तर गाडी पुढे निघून जाते. मी चहा आणायला गेलो होतो तेव्हा.

आरएफकिल लिस्ट (rfkill list) पण बघून घे, वायफाय मुद्दाम बंद करून ठेवलंय का ते त्यात दिसतं. सॉफ्ट ब्लॉक असेल तर आरएफकिलनेच अनब्लॉक होतो, हार्ड म्हणजे लॅपटॉपचं बटण किंवा बायोस, तिथे कमांड मारून काही उपयोग नाही.

आणि वायफाय जोडलं तरी साइट उघडत नसेल तर ड्रायव्हरला शिव्या घालायच्या आधी ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, पिंग मारून उत्तर येतं का बघ. ते आलं आणि नावाने पिंग होत नाही म्हणजे कार्ड, ड्रायव्हर सगळं ठीक, गडबड डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधण्यात.

'इन यूज'ची ओळ आणि डीमेसेजमधली फर्मवेअरची ओळ, एवढ्या दोनच पाठव मला. फोनने फोटो काढून पाठव, स्क्रीनशॉट काढशील आणि मग पाठवायला नेट नाही म्हणून बसशील.

तुझाच,
मी