मित्रास पत्र: भिंतीवरची माणसं गप्प का राहिली

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच फोन करावासा वाटला. पण फोनवर तू "चाललंय रे" म्हणून विषय बदलतोस, ते मला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलो. लांबेल, सवडीने वाच.

घरी प्रार्थनेची संगती सुरू केल्यापासून एक गोष्ट सरळ होत नाही, असं तू लिहितोस. कामावर वरिष्ठांचा सूर बदललाय, मुलाचं दुखणं रेंगाळलंय आणि ज्यांच्यासाठी दार उघडलं त्यांच्यातलेच काही जण बाहेर जाऊन तुझ्याविषयी बोलतात. हे सगळं जड आहे, त्याला मी हलकं म्हणणार नाही. पण मला खरं बोचलं ते तुझं शेवटचं वाक्य. देवाने वचन दिलं होतं, की ते मलाच तसं वाटलं होतं? बाकीच्या ओझ्याला मी खांदा देईन. या वाक्याशी मात्र मला भांडायचं आहे, कारण हे वाक्य तुझं नाही असं मला वाटतं.

बायबलमधले २ राजे १८ आणि १९ हे अध्याय पुन्हा काढ. इ.स.पू. ७०१. अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदा राज्याची तटबंदीची नगरं एकामागून एक घेत आला होता. यहूदाचा राजा हिज्कीया याने त्याला ३०० किक्कार (तेव्हाचं एक मोठं वजन) रुपं आणि ३० किक्कार सोनं दिलं. त्यासाठी मंदिराच्या दारांवरचं सोनंसुद्धा उतरवलं. तरी सैन्य यरुशलेमेपाशी आलंच. आणि मग सन्हेरीबाचा सरदार रब्शाके वरच्या तळ्याच्या नळाजवळ उभा राहून बोलू लागतो. हिज्कीयाचे अधिकारी विनवतात, आमच्याशी अरामी भाषेत बोल, आम्हांला ती समजते. तो मुद्दाम आवाज चढवतो आणि यहूदी भाषेतच बोलतो, भिंतीवर बसलेल्या सामान्य माणसांना ऐकू जावं म्हणून.

त्याचं भाषण नीट वाच. त्यातलं बरंचसं खरं आहे! मिसर (इजिप्त) हा चिरडलेला बोरू आहे, टेकायला गेलास तर हातात घुसेल, असं तो म्हणतो. मिसरावर भिस्त ठेवू नका, हे यशया संदेष्टाही सांगतच होता. हिज्कीयाने उच्च स्थानं (टेकड्यांवरची पूजास्थानं) आणि वेद्या काढून टाकल्या, हेही खरं. फक्त त्यावरून तो निष्कर्ष उलटा काढतो, की तुमचा देव तुमच्यावर रुसलाय. मग थट्टा: मी २००० घोडे देतो, त्यांवर बसायला स्वार तरी आहेत का तुझ्याकडे? नव्हतेच. पुढे तर तो म्हणतो की परमेश्वरानेच मला पाठवलं. आणि एवढी सगळी मांडामांड कशासाठी, तर एका गोष्टीसाठी: ज्या देवावर तुम्ही भरवसा ठेवता तो तुम्हांला फसवतोय, असं लोकांना वाटावं.

मला वाटतं, आपला विरोधी, सैतान, आजही असंच बोलतो. परक्या, भेसूर आवाजात बोलला असता तर आपण त्याला ओळखलं असतं. तो आपल्याच भाषेत बोलतो, आपल्याच घरातली खरी माहिती वापरतो: मूल आजारी आहे, खरं. लोक बोलतात, खरं. तुझ्यात बळ नाही, तेही खरं. आणि त्याच दमात, म्हणून वचन खोटं. हा शेवटचा सांधा त्याचा असतो. तुझ्या पत्रातलं ते वाक्य मी भिंतीखालून आलेलं समजतो.

लोकांनी काय केलं? गप्प राहिले. त्याला उत्तर देऊ नका, अशी राजाची आज्ञा होती. आपल्याला या गप्प राहण्याचं फार कमी शिक्षण मिळतं. रात्री तासन्‌तास आपण मनातल्या मनात त्या आवाजाशी वाद घालतो आणि त्यालाच प्रार्थना समजतो.

हिज्कीयाही त्याच्याशी बोलला नाही. धमकीचं पत्र आलं तेव्हा तो मंदिरात गेला आणि ते परमेश्वरापुढे पसरलं. त्याच्या प्रार्थनेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो परिस्थिती नाकारत नाही. अश्शूरच्या राजांनी राष्ट्रं खरोखरच उजाड केली आहेत, हे तो देवापुढे कबूल करतो. हल्ली विश्वास म्हणजे आजार तोंडाने उच्चारायचाही नाही, असं काही जण शिकवतात. हिज्कीयाला ते जमलं नसतं. त्याने शत्रूचं म्हणणं अक्षरशः देवासमोर उलगडून ठेवलं.

आता उत्तरातला एक भाग, ज्यावर मी फारसे संदेश ऐकलेले नाहीत. यशयाकडून निरोप येतो की अश्शूरचा राजा या नगरात शिरणार नाही, इथे एक बाणसुद्धा मारणार नाही. पण त्याच निरोपात खूण दिली आहे: या वर्षी आपोआप उगवेल ते खा, दुसऱ्या वर्षी त्यातून जे फुटेल ते खा, तिसऱ्या वर्षी पेरा आणि कापा. म्हणजे सैन्य एका रात्रीत हटलं, पण शेतं पूर्ववत व्हायला तिसरं वर्ष उजाडायचं होतं. टंचाई वचनाच्या बाहेरून आली नाही, ती वचनातच सांगितलेली होती. तू कदाचित आपोआप उगवलेलं खाण्याच्या वर्षात आहेस. त्या वर्षात असणं म्हणजे फसवलं जाणं नव्हे.

आणि हे सगळं नुसतं आपल्याच पुस्तकात आहे असंही नाही. सन्हेरीबाच्या स्वतःच्या कोरीव लेखात त्याने ४६ तटबंदीची नगरं घेतल्याची बढाई आहे, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेमेत कोंडलं असंही आहे. यरुशलेम घेतलं, असं मात्र कुठेही नाही. निनवेच्या महालातल्या भिंतींवर त्याने लाखीशचा पाडाव कोरून घेतला. ती शिल्पं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

पण इथे जरा थांब, कारण लाखीशसुद्धा यहूदाचंच नगर होतं. तिथेही परमेश्वराचं नाव घेणारी माणसं असतील, आणि ते पडलं. यशयाचा तो शब्द यरुशलेमेविषयी, त्या वेळेसाठी होता. पुढच्या पिढ्यांनी त्याचा ताईत केला. हे परमेश्वराचं मंदिर आहे, हे परमेश्वराचं मंदिर आहे, असा घोष करत त्यांनी अन्यायही चालू ठेवला. यिर्मया संदेष्टा ओरडून सांगत राहिला की या शब्दांवर विसंबू नका. इ.स.पू. ५८६ मध्ये तेच नगर बाबेलच्या हाती पडलं, मंदिर जळालं. देव बदलला नव्हता. लोकांनी देवाला सोडून त्याचं जुनं वचन तेवढं ठेवून घेतलं होतं.

विरोधाची ही दुसरी तऱ्हा मला पहिलीपेक्षा जास्त घातक वाटते. रब्शाके वचन खोटं ठरवू पाहतो. दुसरा एक आवाज तेच वचन फुगवतो. हनन्या संदेष्ट्याने सांगितलं, बाबेलने आधी नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येईल. लोकांना ते किती गोड वाटलं असेल! यिर्मयाने बाबेलमधल्या बंदिवानांना पाठवलेल्या पत्रात मात्र ७० वर्षं होती: घरं बांधा, मळे लावा, त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा. आपण भिंतीवर लावतो ते यिर्मया २९:११, भविष्य आणि आशा देणारं वचन, त्याच पत्रातलं आहे, आणि त्याच्या लगेच आधीच्या ओवीत ती ७० वर्षं आहेत. फ्रेममध्ये ती ओवी कुणी घेत नाही.

रानातल्या परीक्षेतही हेच आहे. सैतान प्रभूला मंदिराच्या टोकावर उभा करून स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो. देवाचं वचन, शब्द बऱ्यापैकी बरोबर, आणि तरी परीक्षा. प्रभूने ते वचन नाकारलं नाही. देवाची परीक्षा पाहू नको, या दुसऱ्या वचनाजवळ त्याला ठेवलं. हे मी तुला का सांगतोय? कारण त्या भाऊंनी तुला सांगितलं ना, की ताबा घे, अमुक दिवसांत मूल बरं झालंच पाहिजे, नाहीतर तुझ्या विश्वासात खोट आहे. त्यांचं तुझ्यावर प्रेम असेल. पण देवाने जी तारीख दिली नाही ती तुझ्या गळ्यात बांधायचा अधिकार त्यांना नाही. ती तारीख उलटली की रब्शाके आयताच भिंतीखाली येऊन उभा राहतो.

मुलासाठी माग. रोज माग, रडून माग, डॉक्टर सांगतील ते कर आणि बरं होईल अशी आशा धर. मीही मागतोय. पण तुझ्या पायाखाली जे आहे ते वेगळं आहे: तो तुला सोडणार नाही, टाकणार नाही. परीक्षेत निभावण्याचा मार्गही देईल. तुझ्यात सुरू केलेलं काम तो सिद्धीस नेईल. ख्रिस्ताच्या प्रीतीपासून तुला काहीही वेगळं करणार नाही. काय काय वेगळं करू शकत नाही, ती यादी लिहिताना प्रेषित पौलाने क्लेश, उपासमार आणि तलवार वगळली नाही. आणि जगात तुम्हांला क्लेश होतील, हेसुद्धा प्रभूचंच सांगणं आहे, धीर धरा म्हणण्याच्या अगदी आधीचं.

तू विचारलंस, हे सगळं सैतानाकडून आहे का? मला माहीत नाही, आणि प्रत्येक वेळी कळलंच पाहिजे असंही मला वाटत नाही. पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की आम्ही यायला निघालो होतो, पण सैतानाने अडवलं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात त्याचाच रस्ता अडतो आणि तिथे अडवणारा पवित्र आत्मा आहे. त्याच्या शरीरातला काटा तर सैतानाचा दूत म्हटलाय, तरी तीनदा विनंती करूनही देवाने तो काढला नाही, कृपा पुरेशी आहे म्हणाला. तेव्हा प्रत्येक अडथळ्याची जात ठरवत बसू नकोस. कधीकधी वरिष्ठ नुसतेच तापट असतात. काही प्रार्थनासभांत देवापेक्षा सैतानालाच जास्त वेळ संबोधलं जातं. मला तिथे फार अवघडायला होतं. नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात मीखाएलसारखा आद्यदूतसुद्धा स्वतः शिव्याशाप देत नाही, प्रभू तुला धमकावो, एवढंच म्हणतो.

आता रात्रीचं. जुनी पापं आठवतात आणि वाटतं, असल्या माणसाने संगती चालवावी का, असं तू लिहिलंस. जखऱ्या ३ वाच. मुख्य याजक यहोशवा परमेश्वराच्या दूतापुढे उभा आहे, उजवीकडे सैतान आरोप करायला. आणि यहोशवाची वस्त्रं खरोखरच मळकी आहेत. आरोपाला आधार आहे, मित्रा. तरी यहोशवा एक शब्दही बोलत नाही. परमेश्वरच सैतानाला धमकावतो, आणि मग मळकी वस्त्रं उतरवून चांगली घालायला सांगतो. तुझ्या बाजूने बोलणारा आहे. तुझी वकिली तू करू नकोस, आणि तुझ्या विरुद्धचीही करू नकोस. ज्या पापाची कबुली अजून राहिली असेल ती दे, आणि त्या माणसाची माफी मागायची असेल तर माग. जे कबूल करून झालंय ते रोज रात्री उकरून काढणं म्हणजे पश्चात्ताप नव्हे.

इफिसकरांस ६ मध्ये सगळी शस्त्रसामग्री सांगून झाल्यावर पौल स्वतःसाठी प्रार्थना मागतो. बेड्यांत आहे, आणि बेड्या सुटाव्यात असं मागत नाही. तोंड उघडल्यावर धैर्याने बोलता यावं, एवढंच मागतो. संगती बंद करायचा विचार पक्का करण्याआधी हे एकदा मागून बघ. बाहेर बोलणाऱ्यांना मात्र नुसती प्रार्थना पुरणार नाही. मत्तय १८ सांगतं तसं एकट्याने जाऊन बोल, सौम्यपणे. ते काम माझ्यासारख्या तिसऱ्याने करायचं नाही.

आणि अरे, झोप. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर-पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. उपदेश बऱ्याच दिवसांनी, होरेब डोंगरावर. मुलाजवळ रात्री आळीपाळीने बसा; वहिनींनी एकटीने किंवा तू एकट्याने सगळं ओढू नका. काही दिवस संगती दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवता आली तर तेही बघ, त्यात हार वगैरे काही नाही.

एक काम कर. संगती सुरू करताना तुला जे वचन मिळालं म्हणतोस, ते मागच्या-पुढच्या ओव्यांसह मला लिहून पाठव. देवाने त्यात काय म्हटलंय आणि आपण त्यात काय मिसळलंय, ते दोघं मिळून बघू. मुलाचे रिपोर्ट आले की तेही कळव. शनिवारी मी मोकळा आहे, यायला सांगितलंस तर येतो.

वहिनींना सलाम, मुलाला पापा.

तुझाच,
ख्रिस्तातला मित्र