भिलारला कवींचा मुक्काम हवा

महोदय,

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याजवळचे भिलार मे 2017 मध्ये पुस्तकांचे गाव झाले, आणि स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांशेजारच्या घरात बसून कवितासंग्रह विनामूल्य वाचता येतो, ही सातारकरांना अभिमान वाटावा अशीच सोय आहे. मात्र बरेच पर्यटक पाटीसमोर छायाचित्र काढून (आणि स्ट्रॉबेरी-क्रीम खाऊन) लगेच परततात. शासनाने नवोदित कवींसाठी तेथे अल्पदरात आठवडाभराच्या निवासाची योजना आखावी आणि भाद्रपदात तिला कास पठारावरील भटकंतीची जोड द्यावी. तेरडा, सीतेची आसवे, सात वर्षांनी बहरणारी टोपली कारवी जाणकाराबरोबर पायी हिंडूनच ओळखता येतात. फुले न पाहता रचलेल्या निसर्गकविता आपण पुष्कळ वाचल्या. शिवाय पावसाळ्यात घरमालकांनाही चार पैसे मिळतील.

– एक वाचक, सातारा