साडेपंधरा आणे

नोव्हाय, मिशिगन
बुधवार, १२ जून २०२४

प्रिय संजा,

मृग लागला का तिकडं? पेरणीची घाई, त्यात तुझ्या वर्कशॉपपुढं नांगर-कुळवांची रांग, म्हणजे पत्र वाचायला तुला फुरसत कुठली. तरी लिहितोय. गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "झाला का रे तुझा डबा?" मी "होत आलाय" म्हणालो आणि तू जे खिंकाळलास, ते अजून कानात बसलंय. कागदावर लिहिलं की तुला मधेच हसता येत नाही, एवढाच फायदा.

तर ऐक मर्दा. परवा पहाटे आम्ही निघतोय. डबा साडेपंधरा आणे झालाय.

बारा आण्यांवर काम सोडणारा गडी ही माझी ख्याती तूच पसरवलीस. कॉलेजात तिसऱ्या वर्षाला लुनाचं इंजिन लावून कृष्णेत सोडायची म्हणून आपण होडी बांधायला घेतली. तळाला डांबर फासायचं तेवढं ठेवून मी ती सोडून दिली, आणि मग मेसवाल्यानं तिच्यात कोंबड्या ठेवल्या. वीस वर्षं होऊन गेली, तरी तू अजून "कोंबड्या कशा आहेत?" म्हणूनच फोन सुरू करतोस. अमृताला तर ते लग्नातच सांगितलंस. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मी गॅरेजात पहिली फळी टेकवली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अंडी कोण गोळा करणार?"

तात्यांना वाचून दाखवशील, म्हणून हे नेमकं काय आहे ते पहिल्यापासून सांगतो. गाडीमागं टोचन लावून ओढत न्यायची ही एक बारकी खोली. इथं याला टिअरड्रॉप म्हणतात, अश्रूच्या थेंबासारखी दिसते म्हणून. मला विचारशील तर करंजी. आत उभं राहता येत नाही, फक्त झोपायचं. मागची बाजू झाकणासारखी वर उचलली की स्वयंपाकघर: ओटा, शेगडी, डबे. स्वयंपाक करणारा बाहेर जमिनीवर उभा, डोक्यावर त्या झाकणाचंच छप्पर. महायुद्धाच्या आधीपासून इथली माणसं असले डबे घरच्या घरी बांधत आलीत. १९४७ साली एका मासिकानं आराखडा छापला होता, तो लोक अजून वापरतात. मीही वळणं त्यातूनच उचलली. प्लायवूडची शीट ४ बाय ८ फुटांची येते, म्हणून डबाही ४ बाय ८चा. खालचा लोखंडी सांगाडा खोक्यात सुटा मिळतो, बोल्ट आवळून आपण जोडायचा. "बोल्टवर भरवसा ठेवू नको, वेल्डिंग मार" हे तू तीनदा सांगितलंस. मारलं नाही. पण पहिल्या ५० मैलांनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळायचे, हे मात्र डॅशबोर्डवर चिठ्ठी लावून ठेवलंय.

भिंती सोप्या गेल्या. छतानं रडवलं. ३ मिलिमीटरची प्लाय पुढच्या कपाळावरून वळवत होतो, अर्ध्यात आलो आणि कडाड्! लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेला जातात ते मी बघितलंच नव्हतं. त्या डब्याच्या रुंदीत आडव्या असल्या की प्लाय वाकते, उलट्या असल्या की मोडते. एवढी साधी गोष्ट गावचा सुतार मला बसल्या जागी सांगू शकला असता, आणि मी इथं दिवसभर कॉम्प्युटरवर मोटारीचे भाग वळवत असतो. दुसऱ्या शीटवर गरम पाण्यात भिजवलेले टॉवेल पसरले, मग पट्ट्यांनी एकेक घर आवळत नेली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी गुमान बसली होती.

मग आला हिवाळा. लाकडाचा गोंद साधारण १३ अंशांच्या खाली नीट धरत नाही, आणि गॅरेजात पाण्याची बाटली गोठायची. डिसेंबर ते मार्च काम बंद. तेव्हा बरोब्बर बारा आणे झालं होतं, खोटं नाही सांगत. गॅरेज अडलेलं, त्यामुळं अमृताची गाडी चार महिने बाहेर बर्फात. रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना ती गॅरेजच्या दाराकडं एकदा बघायची आणि काही न बोलता जायची. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता गळतीचं सांगतो, कारण खरा जीव तिथं गेला. छताला वरून जाड कॅनव्हास चिकटवलाय, रंगारी फरशीवर अंथरतात तो. पाणी घातलेला गोंद फासून तो बसवायचा, सुकला की वर बाहेरच्या रंगाचे चार हात. इथले लोक याला गरिबाचं फायबरग्लास म्हणतात. मे महिन्यात परीक्षा घेतली. आमची लेक रेवा बाहेर पाण्याची नळी घेऊन, मी आत टॉर्च घेऊन उताणा. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कोरडं ठाक. मी आतून ओरडणार, "जमलं!", तेवढ्यात मानेवर थेंब. वर बघतो तर बरोबर दिव्याच्या भोकातून. दोन दिवस त्या दिव्याभोवती उकरत बसलो. पुन्हा नळी, पुन्हा थेंब.

तिसऱ्या दिवशी तुमचं जुनं घर आठवलं. मे महिन्यात शाकारणीला आपण दोघं तात्यांच्या हाताखाली असायचो. गळतीच्या बरोबर वरचं कौल मी काढायला गेलो की ते ओरडायचे, "तिथं नव्हं, चढाला बघ." फुटकं कौल निघायचं दोन हात वर. मीही चढाला बघितलं. छत आणि मागचं झाकण जिथं जोडलंय तिथं टोकापासून टोकापर्यंत एक लांब बिजागरी आहे. तिच्या डाव्या टोकाला, कडेच्या पट्टीखाली, पाणी शिरत होतं आणि छताच्या आतल्या फळीवरून चालत चालत दिव्यापर्यंत येत होतं. तिथं मीच मोठ्या प्रेमानं सिलिकॉन भरलं होतं. रंगावर ते नीट धरत नाही, आणि एकदा लावलं की त्याच्यावर दुसरं काहीच धरत नाही. दोन संध्याकाळी ते नखांनी आणि पात्यानं खरवडण्यात गेल्या. मग काळी ब्युटाइल टेप घातली. च्युइंगगमसारखी असते, स्क्रू आवळला की कडेनं बाहेर येते. बिजागरीच्या वर बोटभर रुंदीची पन्हळही बसवली. रेवानं अर्धा तास नळी धरली, शेवटी कंटाळून मलाच भिजवलं. आत थेंब नाही.

दिव्यांचं श्रेय तुझं. डावीकडं वळायचा दिवा लावला की दोन्हीकडचे दिवे मंद मंद लुकलुकायचे, ब्रेक दाबला की वेगळाच तमाशा. मी चारही वायरी तीनदा तपासल्या: पांढरी अर्थची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डावी, हिरवी उजवी. सगळं जागेवर. व्हिडिओ कॉलवर तू चहाची बशी हातात घेऊन, धड न बघताच म्हणालास, "अर्थ मिळत नसंल." पांढऱ्या वायरीचा स्क्रू मी रंगावरच आवळला होता. खाली लोखंड लागेपर्यंत रंग खरवडला आणि दिवाळी झाली. त्या दिवशी अमृता म्हणाली, "इंजिनियर नक्की कोण आहे तुमच्यात?"

आणि वजन. हे तात्यांना जरा मोठ्यानं वाच.

माझी सीआरव्ही १५०० पौंडांपेक्षा जास्त ओढू नये असं कंपनी सांगते. नोंदणीला वजनाची पावती लागते, म्हणून दगड-माती विकणाऱ्याच्या यार्डात काट्यावर डबा चढवला. आपल्याकडं ऊसवाल्याचा काट्यावर जेवढा विश्वास असतो, तेवढाच घेऊन मी गेलो होतो, पण त्यानं पावती हातात ठेवली आणि वर पैसेही घेतले नाहीत. रिकामा डबा १०८० पौंड. इथं ट्रेलरची पाटी कायमची असते, दरवर्षी नवी काढावी लागत नाही. ती पाटी लावली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे आता मागं फिरायचं नाही.

गादी, भांडी, शेगडी, २० लिटर पाणी असं सगळं भरून १२४० झालं. पण नुसतं एकूण वजन बघून चालत नाही. त्यातलं १० ते १५ टक्के वजन पुढं, टोचनावर यायला लागतं. कमी पडलं तर महामार्गावर मागचा डबा शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा लागला की गाडीलाच फिरवतो. आपल्या रस्त्यावर ऊसाच्या डबल ट्रॉलीची मागची ट्रॉली कशी डुलते, तसं, पण तिप्पट वेगात. घरातला वजनाचा काटा आणला, त्यावर लाकडाचा ठोकळा, त्यावर टोचनाचं तोंड टेकवलं. ७० पौंड! पाहिजे १२४च्या वर. सगळा संसार मी मागच्या स्वयंपाकघरात कोंबला होता: पाण्याचा कॅन मागं, बॅटरी मागं, लोखंडी तवा मागं. डबा उलाळ झालेला.

तात्या गाडीत शेणखत भरून झालं की एक हात जुवाखाली घालून उचलून बघायचे, आठवतंय? जू जड लागलं पाहिजे, पण बैलांची मान मोडेल एवढं नाही, आणि आपोआप वर उठता तर अजिबात कामा नये. उठलं तर मागचं खत पुढं ओढायला लावायचे आपल्याला, आणि तू मला पुढं बसवून "हाच वजन टाकतो" म्हणायचास. मी बॅटरी पुढच्या पेटीत हलवली, पाण्याचा कॅन आत पायापाशी ठेवला. १३० पौंड. मग काट्याशिवाय, नुसता हात घालून उचलून बघितलं. तात्यांचा हात असता तर काट्याची गरज नव्हती, एवढं सांग त्यांना.

रंगावरून घरात आठवडाभर भांडण झालं. अमृताला फिकट निळा हवा होता, रेवाला जांभळा. दुकानात मी हळूच रंगाची पट्टी पुढं केली आणि लाल घेऊन आलो. कुठला लाल, ते तुला सांगायला नको. दुपारच्या सांगली-कोल्हापूर एस.टी.चा. दाराशेजारी "लाल डबा" लिहायचं कबूल केल्यावर रेवा पाघळली. आत सोलापुरी चादर आहे, आईनं दिलेली.

जायचं कुठं, तर उत्तरेला, टक्वामेनन नावाच्या धबधब्यापाशी. साडेतीनशे मैलांच्या आसपास आहे. धबधबा उंच नाही, ५० फूट असेल, पण २०० फूट रुंद, आणि पाणी बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं. वरच्या सीडारच्या दलदलीतून टॅनिन उतरतं, म्हणून. वाटेत मॅकिनॉ पूल लागतो, १९५७चा, पाच मैल लांब. आतल्या लेनला लोखंडी जाळी आहे, चाकं तिच्यावरून गुणगुणत जातात. टोल दर आसाला २ डॉलर, म्हणजे लाल डब्याचे २ जास्त. १९८९ साली एक हलकी छोटी गाडी जोराच्या वाऱ्यात त्या पुलावरून खाली गेली होती, हे अमृतानं शोधून काढलंय आणि रोज रात्री वाऱ्याचा अंदाज बघते. ज्यांना फारच भीती वाटते त्यांची गाडी पुलाचे कर्मचारी पलीकडं नेऊन देतात. मी गमतीनं ते सांगितलं तर ती म्हणाली, "नंबर लिहून घे."

आणि एक गोष्ट तुला सांगायची नाही असं ठरवलं होतं, पण तुला कळणारच. चार फूट रुंदीत आम्ही तिघं मावत नाही. परवा गॅरेजातच झोपून बघितलं. रेवा आडवीतिडवी झोपते, पहाटे तिचा पाय माझ्या नाकावर होता. तेव्हा आई-लेक लाल डब्यात, आणि चौदा महिने खपलेला मी बाहेर, शेजारी तंबूत. जूनमध्ये तिकडं डास मुठीएवढे असतात म्हणे. हस आता.

उरलेला अर्धा आणा असा: डाव्या दाराची कडी अजून आलेली नाही, दार सध्या सुतळीनं बांधतोय. कपाटाला एक झडप नाही, त्यामुळं मिसळणाचा डबा टॉवेलात गुंडाळून ठेवावा लागेल. झाकणाच्या आतून रंगाचा दुसरा हात राहिलाय. पहिल्या रात्री पिठलं आणि भाकरी असा बेत आहे. भाकऱ्या मीच थापणार. ठेचा न्यायचा की नाही यावर चर्चा चालू आहे, कारण तिकडं काळी अस्वलं आहेत आणि रात्री खाण्याचं सगळं गाडीत बंद करून ठेवायचं असा नियम. अस्वलानं काकूंच्या हातचा ठेचा खाल्ला तर परत येईल की जन्मात येणार नाही, यावर रेवाचं आणि माझं एकमत होत नाही.

फोटो पाठवीन. वहिनींना नमस्कार, तात्यांच्या पाया पडलो म्हणून सांग. त्यांचा मोतीबिंदू कधी काढणार आहात, ते कळव.

तुझा,
अव्या

ता. क. तळाला डांबर फासलंय. दोन हात. सगळ्यात आधी तेच केलं होतं.