मारक्या जनावराचे करायचे काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

लाथाळ गाय किंवा अंगावर येणारा बैल पदरी पडला, की गळ्यात लोढणे अडकवून वेळ निभावायची आणि पुढे खोड न सांगता बाजारात विकायचे, ही रीत चुकीची आहे. अशीच विकत घेतलेली एक संकरित गाय माझ्या गोठ्यात आली आणि तिच्या लाथेने धार काढणाऱ्या भावजयीचे मनगट मोडले. पशुवैद्यकांनी तपासल्यावर तिला दगडी (कासेला सूज येण्याचा रोग) झाल्याचे आढळले. उपचारानंतर ती शांत उभी राहू लागली. म्हणून जनावर गोठ्यातून काढण्याचे ठरवण्यापूर्वी कास, सड आणि खूर तपासणे हे मालकाचे पहिले कर्तव्य आहे, असे मी मानतो.

तरीही खरोखर मारके, भाकड किंवा वारंवार गाभडणारे (गर्भपात होणारे) जनावर काढायचे कोठे? १९७६ च्या कायद्याने महाराष्ट्रात गोहत्येस बंदी आहे आणि २०१५ पासून बैल व वळूही त्या बंदीत आले. म्हशींसाठी कत्तलीस योग्य असल्याच्या प्रमाणपत्राची वाट आहे, गोवंशासाठी नाही. त्यामागील श्रद्धेचा मी आदर करतो, परंतु तिचा सारा खर्च अल्पभूधारकाने सोसावा आणि न जमल्यास जनावर रात्री मोकाट सोडावे, हे जनावरावरही अन्यायाचे आहे. शासनाने प्रत्येक तालुक्यात अशा जनावरांसाठी निवारा व चाऱ्याची तरतूद करावी. सांसर्गिक गर्भपाताच्या रोगाचा (ब्रुसेलोसिस) संसर्ग जनावरांकडून माणसांनाही होत असल्याने, गाभडलेल्या गायीची रक्ततपासणी झाल्याशिवाय तिच्या विक्रीस परवानगी देऊ नये.

– एक दूध उत्पादक शेतकरी